ताई, आधी बंड्याकडे बघितलंत त्याबद्दल थँक्यू

ताई, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, त्यामुळे आता सगळ्यांसमोरच लिहितेय. घरात एक कुत्रा असताना दुसरं पिल्लू आणणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही उपयोग होईल, हेही डोक्यात आहेच.

आमचं नवं पिल्लू चिंगी यायच्या आधी ज्याला त्याला खात्री होती की आमचा मोठा कुत्रा बंड्या ट्रेन्ड आहे, शू बाहेरच करतो, त्याचं बघून ती आपोआप शिकेल. पण शू बाहेर करायचं पिल्लं अशी नुसती बघून शिकतीलच असं नाही. बंड्याबरोबर बाहेर नेलं की तिचं सगळं लक्ष त्याच्या शेपटीवर, पळापळ, चावाचावी, शू करायचीय हे ती पार विसरून जायची आणि घरात पाय टाकला की हॉलमध्ये तळं. हे चालू असताना बंड्या, ज्याने इतक्या वर्षांत घरात एक थेंब सांडला नव्हता, तोही घरात करायला लागला. येणारा जाणारा प्रत्येकजण चिंगीकडे बोट दाखवायचा. कुणी म्हणे नाक घासा, कुणी म्हणे पेपरची गुंडाळी हाणा, आणि एकाने तर सरळ परत देऊन टाका म्हणून सांगितलं, ते ऐकून माझी लेक रात्रभर रडली.

आणि तुम्ही आलात ते पिल्लाकडे न बघता आधी बंड्याजवळ जाऊन जमिनीवर बसलात. त्याला शांतपणे वास घेऊ दिलात आणि मग मला विचारलंत, डाग नेमके कुठे आहेत ते दाखव. सोफ्याच्या पायाला, दाराच्या चौकटीला, चिंगीच्या अंथरुणाच्या कडेला थोडं थोडं उडवलेलं होतं ते बंड्याचं मार्किंग, म्हणजे आपला वास सोडायला मुद्दाम उडवलेली शू, आणि फरशीच्या मधोमध मोठं तळं ते पिल्लाचं, ज्याला अजून धरून ठेवताच येत नाही. दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, एकाच उपायाने सुटणार नाहीत, हे तुमच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला खरंच हायसं वाटलं.

बंड्यासाठी तुम्ही आधी व्हेटकडेच पाठवलंत, कारण ट्रेन्ड कुत्रा अचानक घरात शू करायला लागला तर युरिन इन्फेक्शन असू शकतं, ते तपासल्याशिवाय त्याला काही म्हणायचं नाही. रिपोर्ट क्लिअर आला. नसबंदी झालेला कुत्राही टेन्शनमध्ये मार्किंग करू शकतो हेही तुम्हीच समजावलंत, आणि त्याचं टेन्शन कमी करायला जे सांगितलंत ते किती साधं होतं! त्याचा एकट्याचा वॉक परत सुरू करा, जेवण दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत द्या, पिल्लू जाऊ शकणार नाही अशी एक जागा फक्त त्याची ठेवा. मोठ्या कुत्र्याचं असं कुणी बघतच नाही हो, सगळे नव्या पिल्लाच्या कौतुकात असतात आणि तो बिचारा कोपऱ्यातून बघत राहतो.

चिंगीला मग आम्ही एकटीला न्यायला लागलो, पट्टा लावून, रोज त्याच कोपऱ्यात, आणि तिथे नुसतं गप्प उभं राहायचं, खेळायचं नाही. झोपून उठली की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच बाहेर. शू झाली की ट्रीट तिथल्या तिथे, घरात आल्यावर नाही, कारण तोपर्यंत ट्रीट कशाची मिळाली हे तिला कळणारच नाही. आणि त्यानंतर बंड्याला सोडायचं, म्हणजे त्याच्याशी खेळणं हेच तिचं बक्षीस, हे तर मला इतकं आवडलं की मी भेटेल त्याला सांगत सुटते. काहीच केलं नाही तर घरात मोकळं सोडायचं नाही, थोडा वेळ क्रेटमध्ये (कुत्र्याच्या पिंजऱ्यात) किंवा पट्ट्याने आपल्याजवळ ठेवायचं आणि परत बाहेर. जितके महिने वय साधारण तितके तास पिल्लू धरू शकतं, पण ती शेवटची मर्यादा समजायची, जागं असताना त्याच्या कितीतरी आधी न्यायचं. लसी पूर्ण होईपर्यंत तिला अनोळखी कुत्री फिरतात तिथे नेऊ नका, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा व्हायरस मातीत महिनोन्‌महिने टिकतो, हेही तुम्ही आठवणीने सांगितलंत.

वासाचं तर मला अजिबात माहीत नव्हतं. फरशी आपल्या नाकाला स्वच्छ वाटली तरी शूचा वास मागे राहतो, कुत्र्याला तो कळतो आणि तो परत तिथेच जातो, अमोनियावाल्या क्लीनरचा वास तर त्यांना शूसारखाच येतो. शूचा वास मुळातून मोडणारं एन्झाइमवालं क्लीनर आणून भिजवून ठेवायला लागलो तेव्हापासून दोघांच्याही जुन्या जागा सुटल्या.

ताई, यातलं बरंचसं इकडेतिकडे शोधून कदाचित सापडलंही असतं. पण मी रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर ओल्या फरशीचा फोटो टाकून "हे कुणाचं?" विचारायचे आणि तुम्ही झूम करून बघून उत्तर द्यायचात, ते कुठे सापडलं असतं? एकदाही वैतागला नाहीत. घरातल्या सगळ्यांना एका जागी बसवून कुणीही तिच्यावर ओरडणार नाही असं कबूल करून घेतलंत, सासऱ्यांकडूनसुद्धा, त्यांनी ते मनापासून पाळलंय.

आता बंड्याचं मार्किंग थांबलंय. चिंगी दाराशी जाऊन बसते आणि आमच्याकडे बघते. फक्त कुणी पाहुणा अंगावर वाकून लाड करायला गेला की ती अजूनही जमिनीला चिकटते आणि थोडी शू होते, पण ते घाबरून होतं, वयाबरोबर बहुतेक जाईल, रागवायचं नाही हे तुमचं सांगणं लक्षात आहे. येणाऱ्याला आम्ही आधीच सांगतो की तिच्याकडे बघू नका, बाजूला बसा, ती स्वतः येईल.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघांना घेऊन पहिल्यांदाच प्रवास करणार आहोत, नवीन घरात परत काय काय होईल माहीत नाही, तेव्हा तुम्हाला फोन येणारच आहे. मनापासून थँक्यू ताई.

तुमची,
बंड्या आणि चिंगीची आई