विषय: मुलांच्या सीटचे पैसे घेऊन सीट न देता घाटातून प्रवास घडवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

दिनांक: २२ मे २०२५

महोदय,

१६ मे रोजी पुण्याहून कुडाळला जाण्यासाठी आम्ही आपल्याकडून चार दिवसांसाठी सात आसनी गाडी चालकासह घेतली होती. बुकिंग ६ मे रोजीच केलं होतं. गाडीत आम्ही नवरा-बायको, सासूबाई, साडेचार वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. भाड्याव्यतिरिक्त ८०० रुपये मी मुलांच्या दोन सीटसाठी भरले: मुलासाठी पट्ट्यांची सीट, मुलीसाठी बूस्टर, म्हणजे मोठ्यांचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारी बैठक. दोन्ही ओळी पावतीवर स्पष्ट छापलेल्या आहेत. इतर ठिकाणी गाडी स्वस्त मिळत होती. आपली घेतली ती या दोन ओळींमुळेच.

पहाटे ५ ला गाडी दारात आली ती सीटशिवाय. मागच्या आसनांवर नवं कव्हर चढवलेलं होतं आणि पट्ट्यांची कुलपं त्याखाली गाडली गेली होती. माझ्या नवऱ्यानं हात घालून दोन शोधून काढली, तिसरं सापडलंच नाही. आपल्या कार्यालयाला फोन केला तेव्हा सांगण्यात आलं, "तुम्ही निघा, कोल्हापुरात आमचा माणूस सीट आणून देईल." माझी आजी, म्हणजे मुलांची पणजी, नव्वदीला टेकलेली. तिनं धाकट्याला अजून पाहिलंही नव्हतं आणि दुपारच्या जेवणाला ती वाट बघत होती. आम्ही आपल्या शब्दावर विश्वास ठेवून निघालो.

खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. भाड्यात टोल धरलेला असताना चारही नाक्यांवर पैसे आम्हीच भरले, कारण गाडीच्या फास्टॅगमध्ये पैसे नव्हते. पण तो मुद्दा मी बाजूला ठेवते.

कोल्हापूरच्या शिरोली नाक्यावर सीटची वाट बघत आम्ही एक तास चाळीस मिनिटं थांबलो. मे महिन्याचं ऊन, धाकट्याची रडारड, आणि माणूस काही आला नाही. तिसऱ्या फोनवर आपल्या प्रतिनिधी मला म्हणाल्या, "मॅडम, लहान लेकरू आहे, मांडीवर घ्या. सगळे तसंच जातात." हे पत्र मुख्यतः या एका वाक्याबद्दल आहे.

सगळे तसंच जातात हे मलाही माहीत आहे. मीही लहानपणी आईच्या मांडीवर बसूनच आजोळी जायचे. पण सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला, तेव्हापासून मागच्या सीटच्या पट्ट्याबद्दल आमच्या घरात बोलणं सुरू झालं. मुलांच्या सीटबद्दल मी वाचलं, डॉक्टरांना विचारलं. वेगातली गाडी अचानक थांबली तर मांडीवरचं मूल कुठल्याही आईला हातांनी धरून ठेवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे, आणि तो फक्त गाडी चालवणाऱ्याला नाही, तशी गाडी चालवू देणाऱ्यालाही आहे. जी गोष्ट कायद्याला मान्य नाही ती करायचा सल्ला आपलं कार्यालय ग्राहकाला फोनवरून देतं.

कोल्हापूर ते कणकवली आम्ही राधानगरीमार्गे फोंडा घाटानं गेलो. राधानगरीच्या पुढे माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं की चालकाचे डोळे मिटत आहेत. गाडी थांबवून विचारलं, तर तो रात्री नाशिकचं भाडं सोडून ३ वाजता पुण्यात पोचला होता आणि दोन तासांत त्याला आमच्याकडे पाठवलं होतं. आम्ही त्याला चहाच्या टपरीमागे तासभर झोपू दिलं. त्या मुलाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. नाही म्हणालो तर पुढची भाडी मिळत नाहीत, असं तो म्हणाला. या पत्रामुळे त्याचं काम गेलं, तर तो माझ्या तक्रारीचा गैरवापर ठरेल.

दाजीपूर मागे टाकून घाट उतरताना एका वळणावर समोरून एसटी आली आणि चालकानं जोरात ब्रेक मारला. त्याचं बरोबरच होतं, वेगही फार नव्हता. मुलीला पट्टा लावलेला होता, पण मोठ्या माणसाचा पट्टा तिच्या गळ्याला काचत होता म्हणून वरचा भाग पाठीमागे घेतला होता. ती पुढे वाकली आणि तोंड पुढच्या आसनावर आपटलं. धाकटा माझ्या हातांतून सुटला. मी त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, तरी सुटला. आसनांच्या मधल्या फटीत तो पडला तेव्हा माझ्या मुठीत फक्त त्याचं एक पाऊल होतं. त्याला काही लागलं नाही. मुलीचा ओठ फाटला आणि समोरचा एक दात हलायला लागला. कणकवलीत डॉक्टरांनी दोन टाके घातले.

दुपारी दीडला पोचायचं ते कुडाळला साडेपाचला पोचलो. आजी तोवर न जेवता बसली होती. पणतीसाठी तिनं शिरवाळे आणि नारळाचा रस केला होता. मुलीनं एक घास घेतला आणि ओठ झोंबला म्हणून रडत ताट सरकवलं.

परतीला आम्ही आपली गाडी घेतली नाही. माझ्या भावानं ओळखीच्यांकडून दोन सीट उसन्या आणल्या आणि त्याच्या गाडीतून पुण्याला सोडलं. कुडाळसारख्या गावात त्याला अर्ध्या दिवसात ज्या मिळाल्या, त्या आपल्याला दहा दिवसांत मिळाल्या नाहीत.

सीटचे ८०० रुपये, चार टोल, परतीच्या प्रवासाचं पूर्ण भाडं आणि कणकवलीच्या दवाखान्याचा खर्च मला परत हवा आहे. पावत्या सोबत जोडल्या आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, सीट हाताशी नसताना तिचे पैसे कुणाच्या परवानगीनं घेतले जातात, आणि रात्रभर गाडी चालवलेल्या माणसाला पहाटे घाटाच्या भाड्यावर कोण पाठवतं, याचं लेखी उत्तर जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीनं द्यावं. पुरेशा सीट येईपर्यंत तो पर्याय बुकिंगमधून काढून टाकावा. आज कुणीतरी आई त्यावर भरवसा ठेवून पैसे भरत असेल.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार नोंदवणार आहे. तिन्ही फोनच्या वेळा आणि कव्हरखाली गेलेल्या पट्ट्यांचे फोटो माझ्याकडे आहेत.

मुलीचा दात राहतो की काढावा लागतो, हे दंतवैद्य दोन आठवड्यांनी सांगणार आहेत. तो खर्च वरच्या मागणीत धरलेला नाही. झाला की वेगळा कळवीन.

आपली,
एक ग्राहक, कोथरूड, पुणे