आल्प्समध्ये एकच गाव

पुणे,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय मंग्या,

आपल्या आल्प्समधल्या सायकलसहलीची तुझी एक्सेल फाईल मिळाली. पाच रंगांत रंगवलेली. रात्री जेवणं झाल्यावर उघडून बसलो होतो, तर ही मागून डोकावली आणि म्हणाली, "हे काय, चारधाम यात्रेचं पत्रक आलंय का?" तिला काय उत्तर देणार? नऊ दिवसांत फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली आणि ऑस्ट्रिया. शामोनी एक रात्र, झेरमाट दोन, लिविन्यो दोन, इन्सब्रुक एक, आणि सर्वांत शेवटी कंसात "जमल्यास मोर्झीन".

फोनवर बोललो असतो तर नेहमीसारखं भांडण झालं असतं. म्हणून लिहितोय. सावकाश वाच, मधे चहा घे.

आधी तुझ्या नकाशाचं. जिनिव्हाहून लिविन्यो तुला बोटभर अंतरावर दिसतंय, पण मधे घाट आणि बोगदे आहेत, अख्खा दिवस गाडीत जाईल. झेरमाटला तर गाडी जातच नाही. टेश नावाच्या आधीच्या गावात ती ठेवायची आणि सायकली, बॅगा, हेल्मेटं घेऊन रेल्वेत चढायचं. शामोनीच्या खोऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक पायवाटांवर सायकलला बंदी असते, चालणाऱ्यांची गर्दी असते म्हणून. ऑस्ट्रियात जंगलातले रस्ते दिसायला मोकळे, पण जिथे सायकलला मुभा असल्याची पाटी नाही तिथे घुसलास तर तो गुन्हा. म्हणजे तुझ्या चार देशांत सायकल हातात येणार ती जेमतेम तीन अर्धे दिवस. उरलेला वेळ आपण सायकलींचं सामान वाहणारे हमाल.

माझं म्हणणं एका ओळीत: एकच गाव, आणि ते मोर्झीन. तुझं कंसातलं.

लियोंला कामासाठी तीन महिने होतो तेव्हा मी तिथे एक शनिवार-रविवार जोडून चार दिवस काढले होते, हे तुला माहीत आहे. काय झालं ते मात्र पूर्ण कधी सांगितलं नाही, कारण त्यात माझी शोभा आहे.

जिनिव्हा विमानतळापासून दीड-एक तासावर, फ्रान्सच्या बाजूला, हजार मीटर उंचीवर हे गाव. लाकडी घरं, खिडक्यांत जिरॅनियम, छपरांना पाटीच्या दगडाचे पातळ तुकडे. आपण लहानपणी ज्या दगडी पाटीवर धुळाक्षरं गिरवली तोच हा दगड, आणि तो काढणं हा या गावाचा जुना धंदा. बर्फावरच्या घसरगाड्यांचे दिवस नंतर आले. १९६० च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उताराच्या शर्यतीत सोनं जिंकणारा जाँ व्ह्यूआर्ने याच गावात वाढलेला. त्याने वरच्या कड्यावर अव्होरियाझ हे नवं गाव उभं करण्यात पुढाकार घेतला, आणि फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवरची गावं लिफ्टने (दोरावरून वर नेणाऱ्या पाळण्यांनी) एकमेकांना जोडण्यातही. त्या सगळ्याचं नाव पोर्त द्यू सोलेय. हिवाळ्यात स्कीवाले वर नेणाऱ्या याच लिफ्टपैकी बऱ्याच उन्हाळ्यात सायकली वर नेतात. अव्होरियाझची उंची माहीत आहे? १८०० मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी दीडशे मीटर चढून तिथे गाव वसवलंय, आणि तिथे आपण बसून कॉफी पिणार.

आता शोभा. पहिल्या दिवशी मी फुशारकीत सर्वांत स्वस्त सायकल भाड्याने घेतली, मागे सस्पेन्शन नसलेली हार्डटेल. सिंहगड दीड तासात चढणाऱ्या माणसाला उताराची काय भीती! गावातून प्लेनीची लिफ्ट वर जाते, पाचशे मीटर. सायकल आकड्याला लटकवायची आणि आपण ऐटीत बसायचं. वर पोहोचलो, निळ्या रंगाची वाट धरली. तिकडे हिरवा, निळा, लाल, काळा असा चढता क्रम. निळा म्हणजे सोपा. पाचव्या मिनिटाला हात भरून आले. दहाव्या मिनिटाला मागून "पार्दों, पार्दों" करत चौथी-पाचवीतली पोरं सुळकन् निघून गेली, एकीच्या दोन वेण्या हेल्मेटखालून उडत होत्या. लाकडी वळणं, मुळं, आणि हजारो लोकांनी ब्रेक दाबून दाबून पाडलेले खळगे, धोबीघाटावरच्या फळीसारखे. दुपारी जेवायला बसलो तर बोटं मिटेनात. कप दोन्ही तळव्यांत धरून प्यालो, बाळासारखा.

आपलं काय चुकतं ते मला तिथे कळलं. आपण पुणेकर चढणारे. बोपदेव, सिंहगड, खंबाटकी, सगळी मर्दुमकी चढाची. उतार म्हणजे घरी परतायची वाट. तिथे चढ लिफ्टच्या पासावर विकत मिळतो आणि उतार तुझा तुला करावा लागतो. प्लेनीवरून दिवसात दहा फेऱ्या म्हणजे पाच हजार मीटर उतार. पेडलवर उभं राहून, गुडघे वाकवून, एका बोटाने ब्रेक धरून. फुप्फुसं लागत नाहीत, मांड्या आणि पंजे लागतात.

दुसऱ्या दिवशी शहाणा झालो आणि पुढे-मागे सस्पेन्शन असलेली एन्ड्युरो सायकल घेतली. तेव्हा कुठे त्या डोंगराचा स्वभाव कळला. म्हणून सांगतो, इथून आपली सायकल न्यायचा हट्ट सोड. विमानाचा खोका, त्याचं वजन, तिथे गेल्यावर वाकलेला डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग), हे सगळं कशाला? मोर्झीनमध्ये भाड्याच्या दुकानांची रांग आहे. फुल-फेस, म्हणजे तोंडही झाकणारं, हेल्मेट तिथेच मिळतं. नी-पॅड आणि हातमोजे मात्र इथून आपल्या मापाचे. आणि एक गोष्ट लक्षात ठेव: माझ्या सायकलीला पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे, तुझ्याही. तिकडे तो डाव्या हाताला असतो. सवयीने मागचा समजून डावा करकचून आवळलास तर हँडलवरून थेट फ्रान्सच्या मातीत. दुकानदाराला सांगितलं की ते अदलाबदल करून देतात. सांगायला लाजू नकोस.

तिसरा दिवस. हा नीट ऐक, कारण सगळ्या आखणीतली खरी अक्कल इथेच आहे. सकाळी निघून अव्होरियाझ, तिथून खाली लँदारे, मग मोसेत नावाच्या शिखरावर लिफ्टने. उंची २२७७ मीटर. तिथे सरहद्द आहे. ना चौकी, ना पोलीस, एक दगड आणि वारा. समोर दाँ द्यू मिदीचे सुळके रांगेने, दातांसारखे. नावातच दात आहेत. पलीकडे उतरलं की स्वित्झर्लंड, ले क्रोझे, आणि त्याखाली शाम्पेरी. शाम्पेरीची ती वाट मी फक्त खालून पाहिली. डोंगरी सायकलिंगची २०११ ची जागतिक स्पर्धा तिथे झाली होती, आणि डॅनी हार्ट हा एकोणीस वर्षांचा इंग्रज पोरगा पावसाच्या चिखलात ११ सेकंदांपेक्षा जास्त फरकाने जिंकला होता. कोरड्या उन्हातसुद्धा माझी त्या उतारावर जायची छाती झाली नाही. बघत बसलो, सँडविच खाल्लं, फोटो काढले. आणि परतीची शेवटची लिफ्ट सात मिनिटांनी चुकली.

लिफ्ट साधारण पाचच्या सुमाराला बंद होतात. गावाला गाव लागून असलं तरी मधे डोंगराची धार आहे, आणि गाडीरस्ता सगळा डोंगर फिरून खालच्या खोऱ्यातून येतो. टॅक्सीचे पैसे ऐकून मी सायकल ढकलायला सुरुवात केली. ले क्रोझे ते मोसेत सहाशे मीटर चढ. म्हणजे, मंग्या, मी सायकल खांद्यावर-हातावर घेऊन एक अख्खा सिंहगड चढलो. वर पिठलं-भाकरीही नाही. सव्वासातला धारेवर पोहोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. लँदारेला उतरलो तर अंधार, आणि रस्ताभर बकऱ्या. ते गावच बकऱ्यांचं. उन्हाळ्यात त्या घरांच्या ओट्यांवर, दुकानांच्या दारांत मोकळ्या हिंडतात. एकीने माझा हातमोजा चघळला. तिथून मोंत्रियोंच्या तळ्याच्या कडेने डांबरी उतार थेट मोर्झीनपर्यंत. दिवा नव्हता. तळ्यात चांदणं पडलं होतं, ते बघायची मला तेव्हा शुद्ध नव्हती.

तर नियम: स्वित्झर्लंडात गेलो की दुपारी तीनला तोंड फिरवायचं. मग समोर राजवाडा असो.

त्या बाजूला अजून दोन गमती. युरोपियन युनियनचं सिम स्वित्झर्लंडात चालेलच असं नाही, आणि धारेवर फोन आपणहून स्विस टॉवर पकडतो. डेटा बंद ठेवायचा. आणि खिशात पासपोर्ट ठेवायचा, कोणी विचारो न विचारो. दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे व्हिसा एकच.

व्हिसाचं तुझ्या फाईलमध्ये "नंतर बघू" असं आहे. नंतर नाही, आत्ता. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज करायचा. तुझ्या आखणीत झेरमाट आणि लिविन्यो दोन-दोन रात्री, म्हणजे आपण कोणाच्या दारात उभं राहायचं? मोर्झीन ठरलं की फ्रान्स, विषय संपला. निघायच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, फी ९० युरो. विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो, पण व्हिसापुरता विमा आणि हाडापुरता विमा वेगळा. पॉलिसीत डोंगरातली सायकल आणि हेलिकॉप्टरने उचलणं हे दोन्ही शब्द छापील दिसले पाहिजेत. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा दावा "साहसी खेळ" म्हणून परत आला, तो अजून हप्ते भरतोय.

तारखा: २८ ऑगस्ट शुक्रवार रात्री निघू, ६ सप्टेंबर रविवारी परत. यंदा अधिक महिना आहे, त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला. आरास करायला पुरा आठवडा हातात. (धोंड्याच्या महिन्यात सासरहून तीस-तीन अनारशांऐवजी नी-पॅड मिळतात का बघ.) जूनमध्ये गेलो तर वरच्या खिंडींत बर्फ आणि खाली चिखल, जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंचांच्या सुट्ट्या आणि दुपारची गडगडाटी वादळं, वीज चमकली की लिफ्ट बंद. सप्टेंबरच्या तोंडावर गर्दी ओसरते. पण प्रत्येक गावाच्या लिफ्ट वेगवेगळ्या तारखांना बंद होत जातात, तेव्हा यंदाचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय खोलीचे पैसे भरू नकोस.

खोली स्वयंपाकघर असलेलीच घ्यायची. दुकानं दुपारी बंद, हॉटेलांत दोननंतर जेवण नाही. वहिनींना सांग, तूप आणि पेढे देऊ नका, दुधाचे पदार्थ तिकडे आत येऊ देत नाहीत. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट चालेल. तुझ्या शाकाहाराची काळजी नको, ते खोरं चीजचं आहे. फक्त तार्तिफ्लेत या बटाटा-चीजच्या पदार्थात बेकन असतं, आधी विचार.

आता जे खरं लिहायचं होतं ते.

तुझ्या फाईलमध्ये सायकलीचे तासच नाहीत, हे मी आधी थट्टेवारी नेलं. मग लक्षात आलं. बोपदेवला तू पडलास त्याला आठ महिने झाले. पट्टी बसवलेलं हाड जुळलं, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला, पण त्यानंतर तू एकदाही उतारावर आमच्यासोबत आलेला नाहीस. दर वेळी काहीतरी निघतं, कधी टायर, कधी पाहुणे. बाबा रे, माझ्यापासून लपवायचं नाही. त्या दिवशी तुझ्या मागे मीच होतो. तुझा आवाज अजून माझ्या कानात आहे. उतारावर त्या वळणाला मीही आता ब्रेक दाबतो.

मोर्झीन त्यासाठीही म्हणतोय. शेजारी ले जे नावाचं गाव आहे (लिहिताना शेवटी टी आणि एस, बोलताना दोन्ही गायब). २००४ आणि २०२२ ला जागतिक स्पर्धा तिथे झाल्या, पण त्याच डोंगरावर हिरव्या वाटाही आहेत, रुंद, मातीच्या, लहान मुलांना शिकवायच्या. पहिले दोन दिवस आपण तिथेच. एक प्रशिक्षक अर्धा दिवस घेऊ. तुला नको वाटलं त्या दिवशी त्याच पासावर सायकल न घेता लिफ्टने वर जा, नाहीतर त्या गावातलं यांत्रिक वाद्यांचं संग्रहालय बघ; मला जुन्या वाजणाऱ्या पेट्या बघायच्याच आहेत, मीही येईन. एका गावात राहिलो की हे जमतं. रोज गाव बदललं तर ज्या दिवशी मन नाही त्याच दिवशी उतार समोर येतो.

आणि हो, तिकडच्या कुरणांत मेंढरांबरोबर पातू नावाचे पांढरे कुत्रे असतात, आपल्या धनगरांच्या कुत्र्यांसारखे. सायकलवरून उतरायचं, सायकल मधे धरायची, हळू चालत जायचं. पळायचं नाही. तू पळतोस.

येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीवर ये. उतार करायचा नाही, नुसतं पेडलवर उभं राहून सपाटीवर फिरायचं, वीस मिनिटं. मी थर्मासमध्ये चहा आणतो. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत बरोबर आण.

वहिनींना नमस्कार. छकुलीला सांग, काका तिच्यासाठी बकरीची घंटा आणणार आहे.

तुझा,
अव्या

ता. क. टायर पंक्चर आहे म्हणून कळवू नकोस. पंप घेऊनच येतोय.