सिरोंचा नकाशातून का गळला?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गडचिरोली जिल्हा स्थापना दिनाची, २६ ऑगस्टची आपली विशेष पुरवणी आमच्याकडे सिरोंच्याला २७ तारखेला पोचली. ती मी अथपासून इतिपर्यंत वाचली. आकडे बरोबर दिलेत, त्याबद्दल लेखकाचे आभार. २०११ च्या जनगणनेची १० लाख ७२ हजार ९४२ लोकसंख्या, चौरस किलोमीटरमागे ७४ माणसं, अनुसूचित जमातींचं जवळपास ३९ टक्के प्रमाण, बारा तालुके, विधानसभेचे तीन मतदारसंघ, सगळं जागच्या जागी आहे. इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या बापूराव शेडमाकेंना अर्धं पान दिलंत, तेही योग्यच केलंत. पण सिरोंच्याच्या वाट्याला आलं एक वाक्य: दक्षिण टोकाचा, तेलंगणाला लागून असलेला, पुराचा तालुका. आणि नकाशात तर आम्ही नाहीच. अहेरीच्या खाली नकाशावर शुभेच्छांची जाहिरात चिकटवली आहे. जिथे प्राणहिता गोदावरीला मिळते, तिथे एका पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो आहे.

मी या तालुक्यात आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. म्हणून राग जास्त आला, हे मोकळेपणानं सांगतो. "जिल्ह्याचा इतिहास" असा मथळा देऊन आपण गोंड राजे, नागपूरकर भोसले, इंग्रज आणि एकदम १९८२ असा प्रवास केलात. आता आमचं ऐका. बापूरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात फाशी दिली, तेव्हा सिरोंचा इंग्रजांच्या हातात आलाच नव्हता, तो निजामाकडे होता. १८६० च्या तहात निजामानं गोदावरीच्या डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांना दिला आणि त्याचा अप्पर गोदावरी नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचं मुख्य ठाणं होतं सिरोंचा. डेप्युटी कमिशनर इथे बसत असे. तेव्हा वऱ्हाड-नागपूरचा कापूस नावेनं गोदावरीतून समुद्रापर्यंत न्यायची मोठी योजना होती. इंग्रज अभियंते सर आर्थर कॉटन यांनी ती उचलून धरली होती. नदीतले खडकांचे अडथळे काढायला बराच पैसा ओतला गेला, शेवटी काम सोडून दिलं. १८७४ मध्ये जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याची तहसील झाली. पुढे नुगूर, अल्बाका, चेर्ला हे भागही आमच्यापासून तोडून मद्रास इलाख्यात घातले गेले. गडचिरोली तहसील झाली ती १९०५ साली. म्हणजे गडचिरोली साधं तहसिलीचं गाव होण्याच्या तीस वर्षं आधी सिरोंच्याचा जिल्हा होऊन मोडलासुद्धा होता. हे एवढं आपल्या पुरवणीत दोन ओळींत बसलं नसतं का?

जुन्या मोठेपणाचा हा सोस नाही. या अज्ञानाची किंमत माझ्या घरानं मोजली आहे, तेच सांगायला हे पत्र लिहितो आहे.

माझा मुलगा मिरची आणि कापूस करतो. त्याच्या मुलीला, माझ्या नातीला, दोन वर्षांपूर्वी व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत होता. ओबीसीतून. जात पडताळणीसाठी जुना पुरावा हवा होता, आणि तो आमच्याकडे पक्का होता: माझ्या वडिलांच्या जन्माची कोतवाल पंजीतली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीतली, नोंद. नक्कल मी स्वतः काढून ठेवली होती, प्लास्टिकच्या पाकिटात. त्यावर बापाचं नाव, जात, मौजा, आणि खाली लिहिलेलं "तहसील सिरोंचा, जिल्हा चांदा". ती घेऊन मी आणि मुलगा दोनशे किलोमीटरवरच्या एका सरकारी कार्यालयात गेलो. आलापल्लीपर्यंतचा रस्ता कसा आहे, हे आपल्याच वार्ताहरानं अनेकदा लिहिलं आहे, ते पुन्हा सांगत नाही.

टेबलावरच्या तरुण बाबूनं कागद पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, हे चांदा जिल्ह्याचं आहे. गडचिरोली जिल्ह्यातला पुरावा आणा."

मी म्हटलं, बाळा, १९८२ च्या आधी गडचिरोली जिल्हा नव्हताच. सिरोंचा चांद्यातच होता.

"ते असेल. पण अर्जात जिल्हा गडचिरोली आहे. कागदावर चांदा आहे. जुळत नाही." मग त्यानं शेजारच्याला विचारलं, "चांदा म्हणजे चंद्रपूरच ना?" शेजारचा म्हणाला, तसंच वाटतं, पण मग चंद्रपूर का नाही लिहिलं? चांद्याचं चंद्रपूर हे नाव १९६४ मध्ये झालं, हे मी त्या दोघांना उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उद्धट बोलले नाहीत. पण कागद परत दिला आणि मूळ जिल्ह्यातून खात्री करून आणा म्हणाले.

मग चंद्रपूरकडच्या दुसऱ्या एका कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी तालुक्याचं नाव ऐकताच सांगितलं, सिरोंच्याचं काही आमच्याकडे नाही, सगळं नव्या जिल्ह्याला गेलं, तिकडेच विचारा. एकाचं म्हणणं कागद चांद्याचा, दुसऱ्याचं म्हणणं गाव गडचिरोलीचं. मधे आम्ही, आणि प्रवेशाची मुदत. शेवटी निवृत्तीला आलेल्या एका रेकॉर्ड किपरनं जिल्हा विभाजनाच्या राजपत्राची प्रत काढून दिली आणि ती जोडल्यावर काम झालं. पण तोवर प्रवेशाची ती फेरी संपली होती. राखीव जागा गेली. मुलानं खुल्या गटाची पूर्ण फी भरली, त्यासाठी काढलेलं कर्ज अजून फिटलेलं नाही. नात शिकते आहे, चांगली शिकते आहे. पण त्या दोन बाबूंना कुणी शाळेत, पुस्तकात किंवा निदान वर्तमानपत्राच्या पुरवणीत सांगितलं असतं की हा तालुका कधी कुठल्या जिल्ह्यात होता, तर ही पाळी आली नसती. इथल्या कितीतरी घरांच्या पेटीत असेच "जिल्हा चांदा" लिहिलेले कागद आहेत.

आता लोकसंख्येच्या पानाबद्दल. भाषांच्या यादीत आपण मराठी, गोंडी, माडिया, छत्तीसगढी, हिंदी लिहिलंत. चामोर्शी-मुलचेऱ्याच्या बंगाली वसाहतींचीही आठवण ठेवलीत. तेलुगू कुठे आहे? सिरोंच्याच्या बाजारात सकाळी पाऊल टाका, भाजीचा भाव तेलुगूत ऐकू येईल. माझी आई शेवटपर्यंत तेलुगूच बोलली, मी शाळेत मराठीतून शिकवलं, आणि घरात आम्ही दोन्ही बोलतो. यात कुणाला अडचण नाही, आम्हाला तर नाहीच. आम्ही महाराष्ट्राचे आहोत आणि महाराष्ट्रातच राहायचं आहे. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचा पुष्कर, म्हणजे बारा वर्षांनी येणारा नदीस्नानाचा उत्सव, झाला, बारा दिवस आमच्या घाटावर माणूस मावत नव्हता. आणि आपल्या पानावर बतुकम्माचा फोटो आहे, परातीत रचलेल्या फुलांभोवती फेर धरणाऱ्या आमच्या बायकांचा. त्याखाली ओळ आहे "पारंपरिक नृत्य करताना आदिवासी महिला". बतुकम्मा हा आमच्याकडच्या तेलुगू घरांचा सण आहे. फोटोतल्या बायका आपला पेपर वाचतात. त्यांना वाईट वाटलं, आणि माडिया बायकांचं स्वतःचं नृत्य, रेला, त्याला पुरवणीत जागाच मिळाली नाही. दोघींवर अन्याय झाला.

प्रशासनाच्या पानाबद्दल फारसं बोलण्यासारखं नाही. उपविभागाचं काम अहेरीला, जिल्ह्याचं काम गडचिरोलीला, दवाखान्याचं काम तेलंगणातल्या मंचेरियाल, करीमनगर नाहीतर वरंगलला, हे आमचं रोजचं आहे. स्वतंत्र अहेरी जिल्ह्याची मागणी जुनी आहे, तिचा उल्लेख तरी करायला हवा होता. ती पुरी व्हावी की नाही यावर सिरोंच्यातही दोन मतं आहेत. माझं मत, व्हावी.

तेलंगणानं गोदावरीवर बांधलेल्या मेडिगड्डा धरणाबद्दल मात्र गप्प बसणार नाही. पुरवणीत ते "शेजारच्या राज्याचा प्रकल्प" म्हणून आलं. त्याचं एक टोक आमच्या पोचमपल्लीच्या हद्दीत आहे. २१ जून २०१९ ला उद्घाटन झालं तेव्हा आपल्या राज्याचे मुख्यमंत्री हजर होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले, तेव्हा पहिल्या पानावर बातमी आली, कारण ती तेलंगणाच्या निवडणुकीची बातमी होती. नदीकाठच्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी फुगवट्याच्या पाण्यानं गेल्या, ते मोबदल्यासाठी तहसीलसमोर बसतात तेव्हा आतल्या पानावर चार ओळी येतात. जुलै २०२२ च्या पुरात मुलाच्या शेतात कमरेएवढा गाळ साचला होता. मिरचीची रोपं त्याखाली कुठे होती, हे बांध मोजून शोधावं लागलं.

जीवाश्मांचं तर नावच नाही. आमच्या कोटा गावावरून जगभरचे भूशास्त्रज्ञ त्या खडकाला "कोटा" म्हणतात. ज्युरासिक काळातले मासे आणि डायनासोरांची हाडं ज्या थरात सापडतात, तो हा खडक. वडधमला जीवाश्म उद्यान आहे. पर्यटनाच्या चौकटीत मार्कंडा, हेमलकसा, कमलापूरचे हत्ती आहेत आणि आम्ही नाही.

माझी विनंती साधी आहे. नकाशा पूर्ण छापावा, जाहिरात बाजूला करून. सिरोंचा तालुका १८६० पासून १९८२ पर्यंत कोणत्या जिल्ह्यात होता, याची तारीखवार चौकट त्याच्यासोबत द्यावी, म्हणजे ती कापून लोक आपल्या कागदांसोबत ठेवतील. फोटोखालची ओळ दुरुस्त करावी.

आणखी एक. आपला पेपर सिरोंच्यात एक दिवस उशिरा मिळतो, पैसे मात्र त्याच दिवसाचे पूर्ण घेतले जातात. पावसाळ्यात तर दोन दिवसांचे अंक एकत्र येतात. इथल्या विक्रेत्याचा यात काही दोष नाही, गठ्ठाच उशिरा येतो. गाडी कुठे अडते, याची आपल्या वितरण विभागानं एकदा चौकशी करावी.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक
सिरोंचा, जि. गडचिरोली