अण्णांची लाल वही : एक जाहीर आभारपत्र

नाशिक

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

परवा सुरगाण्याहून त्या मुलीचा फोन आला. तीच, गेल्या पावसाळ्यात पहाटेची एसटी धरून सीबीएसला उतरलेली आणि भिजलेल्या पिशवीतून चिटोरा काढून आमच्या काउंटरवर ठेवणारी. "मॅडम, कॅटलॉगमध्ये पूर्ण लेख उपलब्ध असं दाखवतंय, पण लिंक उघडली की पैसे मागतात," असं तेव्हा म्हणाली होती. लेख १९९४ सालचा होता. आपली ऑनलाइन वर्गणी २००० पासूनच्या अंकांची. तेवढी एक ओळ नोंदीत असती, तर तिचा दिवस आणि तिकिटाचे पैसे वाचले असते. ती नोंद मीच चढवली होती, प्रकाशकाकडून आलेल्या यादीतून जशीच्या तशी. त्या दिवशी मी तिला रिकाम्या हाताने परत पाठवलं आणि संध्याकाळी घरी जाऊन नीट जेवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या शिपाईमामांनी तुमचा नंबर दिला. "नियतकालिकांचं काही अडलं की अण्णांना विचारायचं," एवढंच ते म्हणाले. मी घाबरत फोन केला. नियतकालिकाचं नाव सांगायचा अवकाश, तुम्ही पलीकडून म्हणालात, "ते १९८१ ते १९९९ बांधीव आहेत, जिन्याखालच्या कपाटात, खालून दुसरा कप्पा. कुलूप जरा वर उचलून फिरव." निवृत्त होऊन इतकी वर्षं झालेल्या माणसाला कुलपाची खोडसुद्धा लक्षात होती. कपाट उघडलं, खंड मिळाला, लेख स्कॅन करून तिला पाठवला.

परवा मात्र तिला मला काही विचारावंच लागलं नाही. दुसऱ्याच नियतकालिकातला लेख होता. ती म्हणाली, "नोंदीत लिहिलंय की २००३च्या आधीचे अंक छापील, मुख्य ग्रंथालयात. मला एवढी चार पानं पाठवाल?" दुपारच्या आत पानं गेली. फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसले.

उघड पत्र लिहिण्याचं कारण सांगते. तुम्ही दिवाळीपासून मंगळवार-शुक्रवार पंचवटीतून सिटीलिंकची बस पकडून, कुंभमेळ्याच्या कामांसाठी खणलेल्या रस्त्यांमधून वाट काढत, आमच्या ग्रंथालयात कॅटलॉगच्या नोंदी दुरुस्त करायला येत होतात. मानधन नव्हतं, नेमणुकीचं पत्र नव्हतं, हजेरीपटावर नाव नव्हतं. म्हणजे कुठल्याच कागदावर तुम्ही आलाच नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाची नोंद करणाऱ्या माणसाचं काम असं नोंदीविना जावं, हे मला चालणार नाही.

आणि दुसरं, हेच काम आज अनेक ग्रंथालयांत कुणी ना कुणी एकटं बसून करत असणार. संस्थांना नियतकालिकं ऑनलाइन वाचायला देणाऱ्या 'एक देश, एक सदस्यता' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, आणि समन्वय विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे. १ जानेवारी २०२५ पासून दार उघडलं. आम्हाला आनंद झाला, होणारच. ज्यांची वर्गणी आपल्याला सात जन्मांत परवडली नसती अशी नावं यादीत होती. पण यादी आली म्हणजे कॅटलॉग झाला, असं मला वाटलं होतं. वरिष्ठांनाही तसंच वाटत होतं.

तुम्ही पहिल्या दिवशी कोहा या आमच्या कॅटलॉगच्या सॉफ्टवेअरसमोर खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "एक नाव शोधून दाखव." मी इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली शोधलं. पाच नोंदी आल्या. एक मुख्य ग्रंथालयाची, एक अर्थशास्त्र विभागाची, एक 'ई. पी. डब्ल्यू.' अशा आद्याक्षरांनी, एक ऑनलाइनची, आणि पाचव्या नोंदीत ते साप्ताहिक १९४९ पासून असल्याचं लिहिलेलं. तुम्ही पिशवीतून लाल कापडी बांधणीची वही काढलीत आणि बोट ठेवलंत: १९४९ला सुरू झालं ते इकॉनॉमिक वीकली. ते १९६५ अखेर थांबलं. ऑगस्ट १९६६पासून नव्या नावाने आलं ते हे. "दोन नावं, दोन नोंदी, आणि दोघांत दोरी," असं तुम्ही म्हणालात. ती दोरी म्हणजे मार्क या नोंदींच्या ठरावीक साच्यातले ७८० आणि ७८५ हे टॅग: आधीचं नाव कोणतं, नंतरचं कोणतं. मी ते परीक्षेपुरते पाठ केले होते. १९५०च्या दशकातला लेख शोधणारा विद्यार्थी नव्या नावाखाली हात हलवत परत जातो, कारण ही दोरी कुणी बांधलेलीच नसते, हे मला त्या दिवशी कळलं.

ब्रिटिश मेडिकल जर्नलचं पान तर मी विसरणार नाही. प्रोव्हिन्शियल मेडिकल अँड सर्जिकल जर्नल या नावाने १८४०ला सुरुवात, १८५३ला नाव बदललं, १८५७ला पुन्हा बदललं, आणि १९८८पासून नुसतं बीएमजे. तुम्ही हसून म्हणालात, "१८४० म्हणजे आपल्या सावानाच्या वयाचं." सावाना म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय; नाशिकच्या माणसाला साल लक्षात ठेवायला याहून चांगली खूण कुठली मिळेल!

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आठ आकडी ओळख-क्रमांक, पडताळायला तुम्ही शिकवलंत ते मी आता येणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षणार्थीला शिकवते. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचा ००१२-९९७६ घ्या. पहिल्या सात आकड्यांना ओळीने ८, ७, ६ असं २ पर्यंत गुणायचं आणि बेरीज करायची. येतात ९३. त्याला ११ ने भागलं की उरतात ५. ११ मधून ५ गेले, राहिले ६. आणि क्रमांकाचा शेवटचा आकडाही ६. जुळला. वजाबाकी १० आली तर शेवटी एक्स. तुम्ही हे बोटांवर करत होतात आणि मी कॅल्क्युलेटर शोधत होते. अर्थशास्त्र विभागाच्या यादीत हाच क्रमांक १२९९७६ असा सहा आकडी झाला होता. क्रमांक आडव्या रेघेशिवाय टाकला की एक्सेल सुरुवातीची दोन शून्यं गिळून टाकतं. अशी शून्यं हरवलेल्या कितीतरी नोंदी एकमेकींना ओळखतच नव्हत्या, म्हणून तर एकाच नियतकालिकाची पाच बिऱ्हाडं झाली होती.

एका गोष्टीवर आपलं वाजलं होतं, तेही लिहिते. तुमचं म्हणणं, एका नियतकालिकाचं एकच कार्ड असावं, छापील काय आणि ऑनलाइन काय. माझं म्हणणं, दोन्हींचे आयएसएसएन वेगळे, त्याच वीकलीच्या ऑनलाइनचा २३४९-८८४६, तर नोंदीही वेगळ्या ठेवू. दोघींना ७७६ने, म्हणजे दुसऱ्या रूपातली आवृत्ती दाखवणाऱ्या टॅगने, जोडू. आणि ऑनलाइन अंक तीन ठिकाणांहून मिळत असले, तरी नोंद एकच, तीन लिंका तिच्याखाली ८५६ या लिंकांच्या टॅगमध्ये. दोन मंगळवार तुम्ही ऐकलं नाहीत. तिसऱ्या मंगळवारी चहा संपवून म्हणालात, "तुझं बरोबर. माझ्या वेळी कपाट एकच होतं." तुमच्या वयाच्या आणि अनुभवाच्या माणसाने माझ्यासारखीला असं सरळ म्हणावं, हे मला फार मोठं वाटलं. आजही वाटतं.

तुम्ही हट्टाने करून घेतलेली गोष्ट मात्र एकच होती आणि तीच या सगळ्या कामाचा जीव आहे. लिंक उघडली यावर तुमचं समाधान कधी झालं नाही. पहिल्या वर्षाचा पहिला अंक उघड, त्यातला लेख उघड, पान दिसतं का बघ. मग शेवटच्या वर्षाचा. मग नोंदीत लिही, कधीपासून कधीपर्यंत. आणि त्याखाली, जे नाही तेही लिही. "नाही हे लिहिलं नाही, तर माणूस आशेवर येतो," असं तुम्ही सुरगाण्याच्या मुलीबद्दल बोलताना म्हणाला होतात. प्रकाशकांच्या केबार्ट यादीत, म्हणजे कोणते अंक ऑनलाइन मिळतात ते सांगणाऱ्या ठरावीक साच्यातल्या यादीत, एक छोटा रकाना असतो. त्यात पी१वाय लिहिलेलं असेल, तर अलीकडचं एक वर्ष सोडून बाकी सगळं मिळतं. आर१वाय असेल, तर फक्त अलीकडचं एक वर्ष मिळतं. एका अक्षराने अर्थ पालथा होतो. मी एका संपूर्ण संचात ते उलट वाचलं होतं. तुम्हाला केबार्ट हा शब्दही ठाऊक नव्हता, पण तुम्ही चार लेख उघडून बघितलेत आणि विचारलंत, "इथे तर जुनं दिसतंय आणि नवं दिसत नाही, तू उलट का लिहिलंयस?" तो अख्खा संच आपण पुन्हा तपासला. तुम्ही एका शब्दाने रागावला नाहीत.

डेटाबेसचंही तसंच. स्कोपसमध्ये लेखांची माहिती, सारांश आणि संदर्भांची मोजदाद मिळते, लेख तिथे नसतो. पबमेडही मुळात माहिती देतं, लेख असलाच तर दुसरीकडे नेऊन पोचवतं. जेस्टोरवर लेखच असतो. शोधगंगेवर प्रबंध. आमच्या जुन्या यादीत ही सगळी नावं एकाखाली एक, 'ई-संसाधने' या एकाच मथळ्याखाली. आता प्रत्येकाच्या नोंदीत साध्या मराठीत पहिलीच ओळ आहे: इथे काय मिळेल आणि काय मिळणार नाही. ती ओळ तुमची आहे.

शाखांचं काम सर्वांत किचकट होतं. नवी योजना सरकारी संस्थांसाठी. आपल्याशी जोडलेल्या काही खासगी कॉलेजांना ती लागू नव्हती. म्हणजे नियतकालिक एकच, पण एका आवारात उघडतं आणि दुसऱ्या आवारात बंद. शिवाय आवारातल्या आयपी पत्त्यावरून जे उघडतं, ते घरच्या मोबाइलवरून वेगळ्या लॉगिनशिवाय उघडत नाही. तुम्ही एकेका कॉलेजच्या ग्रंथपालांना फोन लावलात. सिन्नरला, मालेगावला, कळवणला. निम्मे लोक तुमचे जुने ओळखीचे. "जरा तुमच्या मशीनवर उघडून सांगा बरं," असं म्हणत तुम्ही तासन्तास फोन धरून बसायचात आणि मी समोर टिपून घ्यायचे. ज्या मंडळींनी माझ्या ईमेलला उत्तर दिलं नव्हतं, त्यांनी तुमच्यासाठी जेवण बाजूला ठेवून लिंका तपासल्या.

एक दुखरी गोष्टही लिहिते. तुम्ही जिथे काम केलंत, तिथे संगणक आला तेव्हा कार्डेक्सचे, म्हणजे अंकांची आवक टिपायच्या कार्डांचे, सगळे ट्रे रद्दीत गेले. कोणत्या महिन्याचा अंक आला, कोणता चुकला, कुणाला स्मरणपत्र पाठवलं, वर्षानुवर्षांचं तुमचं अक्षर किलोच्या भावाने गेलं. तुम्ही रात्री बसून नावांच्या बदलांपुरतं एका वहीत उतरवून घेतलंत, ती ही लाल वही. हे मला तुम्ही सांगितलं नाही, शिपाईमामांनी सांगितलं. त्या वहीतलं प्रत्येक पान आता आमच्या नोंदींत आहे आणि प्रत्येक शाखेतून दिसतं. रद्दीत गेलेलं सगळं परत आणता आलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

तुम्ही एकदा विचारलं होतंत, कोहा म्हणजे काय? तेव्हा मी नुसतं सॉफ्टवेअरचं नाव म्हणून सोडून दिलं. नंतर वाचलं. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी ते तयार झालं, २०००च्या जानेवारीत सुरू झालं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं गेलं. कोहा हा माओरी भाषेतला शब्द. अर्थ, भेट.

अण्णा, तुम्ही मला जे दिलंत त्याबद्दल मनापासून आभार. काकूंनाही नमस्कार सांगा. दर शुक्रवारी तुमच्या डब्यात माझ्यासाठी एक भाकरी जास्त असायची, ती कुणी ठेवायचं ते मला माहीत आहे.

एक विनंती. भूगोल विभागाच्या एका नियतकालिकाचा खंडक्रमांक १९७२ला अचानक पुन्हा १ पासून सुरू झालेला दिसतोय आणि मधले दोन अंक कुठेच सापडत नाहीत. नाव बदललं होतं का, की दुसऱ्या कशात विलीन झालं, मला उलगडत नाही. मंगळवारी जमलं तर वही घेऊन या. नोंद मी तोवर उघडी ठेवते.

तुमची,
नियतकालिक विभागातली मुलगी