स्मृतिभ्रंशाची तपासणी कोणत्या भाषेत?

महोदय,

स्मृतिभ्रंशासाठी १९७५ पासून वापरात असलेल्या ३० गुणांच्या चाचणीत तारीख विचारतात, १०० मधून सात-सात वजा करायला सांगतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, उभा जन्म कापड विणण्याच्या मागावर गेलेल्या, घरी तेलुगू अन् बाजारात मराठी बोलणाऱ्या आजोबांचे त्यात काय मोजले जाते? बहुधा शाळा! रोजचे बोलणे वेगळे. चहा हवा हे सांगता येते का, नातीला नावाने हाक मारतात का, फोनवर ऐकून उत्तर देतात का, कुठे दुखते ते दाखवतात का? हे सुनेला पक्के ठाऊक असते, तिलाही विचारावे. अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते. म्हणून तपासणी घरच्या भाषेत व्हावी, तेलुगू, कन्नड, उर्दू जी असेल तीत. आणि चष्मा, कानाचे यंत्र लावूनच.

– एक वाचक, सोलापूर