तंजावरच्या भिंतीपाशी टॉर्च धरून उभ्या राहिलेल्या ताईंना

प्रिय ताई,

तुम्ही मला दिवसभर अक्का म्हणत होतात. आमच्याकडेही अक्का म्हणजे थोरली बहीणच. मी वयाने मोठी असले तरी तुम्हाला ताईच म्हणणार आहे, तो मान तुमचा आहे. नाव कुठे छापू नका म्हणालात, म्हणून ते लिहीत नाही. पत्र मराठीत आहे, कारण मनातलं मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगता येत नाही. तंजावरात मराठी बोलणारी घरं अजून आहेत, तुमच्या ओळखीचीही आहेत. त्यांच्यापैकी कुणाकडून तरी हे मोठ्याने वाचून घ्या. का, ते पुढे कळेलच.

आम्हाला परत येऊन तीन आठवडे झाले. रोज लिहायला बसते आणि दोन ओळींनंतर डोळे भरून येतात. आज पूर्ण करायचंच असं ठरवून बसले आहे.

माझ्या वडिलांना, अण्णांना, तंजावर दाखवायची ही माझी दुसरी खेप. पहिली खेप दोन वर्षांपूर्वीची, एका मोठ्या सहल कंपनीबरोबर. ती गोष्ट मी तुम्हाला त्या दिवशी सांगितली नाही, कारण अण्णा शेजारी होते. बसमध्ये चाळीस माणसं होती आणि बृहदीश्वराच्या देवळासाठी पाऊण तास ठेवला होता. सोबतच्या गाइडने पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं की या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. सगळ्यांनी माना वर केल्या, फोटो काढले. अण्णांना मात्र एकच गोष्ट बघायची होती. या देवळात मराठीत कोरलेला भोसल्यांचा इतिहास आहे, हे त्यांनी तरुणपणी प्रेसमध्ये एका मजकुराचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवताना वाचलं होतं. तेव्हापासून पन्नासेक वर्षं ते मनात धरून होते. गाइडला विचारलं तर तो म्हणाला, 'असेल कुठेतरी मागे.' अण्णा एकटेच शोधत गेले. त्यांना भिंत सापडली तेव्हा बसचा हॉर्न वाजायला लागला होता. टूर मॅनेजर मुलगा धावत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, 'काका, तुमच्या एकट्यामुळे चाळीस जणांचं जेवण लांबतंय. तिकडे काय आहे बघण्यासारखं?' अण्णा काही बोलले नाहीत. मुकाट्याने बसमध्ये येऊन बसले. जेवणाआधी ती बस तंजावर चित्रांच्या एका दुकानापाशी तासभर थांबली, तेव्हा कुणालाच उशीर होत नव्हता. त्या मुलाला मी आजही माफ केलेलं नाही.

मधल्या दोन वर्षांत अण्णांचा काचबिंदू वाढला. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली, आणि उजेड कमी असला की अक्षर आणि कागद एकमेकांत मिसळून जातात. ७९ वर्षांचे आहेत. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी सांभाळायची. मी त्याच आठवड्यात तिकिटं काढली. या वेळी घोळका नको, बस नको, फक्त आमच्यासाठी एक गाइड हवा, एवढंच ठरवलं होतं. तुम्ही भेटलात हे आमचं नशीब.

सकाळी आठला तुम्ही देवळाच्या दारात उभ्या होतात. मी वडिलांना अण्णा म्हणते हे ऐकून गोंधळलात, कारण तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. मग हसलात आणि त्यांना अय्या म्हणायला लागलात. बोलायला सुरुवात करण्याआधी तुम्ही त्यांना विचारलंत, 'अय्या, तुम्हाला काय बघायचंय?' इतका साधा प्रश्न, पण आम्हाला तो आधी कुणी विचारला नव्हता. अण्णांनी भिंतीबद्दल सांगितलं. तुम्ही म्हणालात, 'मग बाकी सगळं त्याच्या मागे-पुढे बसवू.' आणि खरोखर तसंच केलंत.

आत गेल्यावर पहिल्यांदा तुम्ही आम्हाला सावलीत नेऊन उभं केलंत. शिखराचीच सावली, पश्चिमेला फरसबंदीवर लांबलचक पसरलेली. 'सावली पडत नाही असं लोक सांगतात. ही बघा, आपण तिच्यातच उभे आहोत,' म्हणालात. चोळ राजा राजराजाने १०१० मध्ये पूर्ण केलेलं, जवळपास २१६ फूट उंचीचं हे ग्रॅनाइटचं काम आहे, ज्या जागी असा दगड निघत नाही तिथे तो दुरून आणून उभारलेला. त्याला खोट्या चमत्काराची गरज काय, असं तुम्ही म्हणालात तेव्हा अण्णांनी माझा हात दाबला. त्यांना माणूस पटला की ते असा हात दाबतात.

मग त्या ४०० नर्तकींची गोष्ट. राजराजाच्या शिलालेखात त्यांची नावं आहेत, कोण कुठल्या देवळातून आली तेही, आणि कुठल्या रस्त्यावर तिचं कितवं घर तेसुद्धा. हजार वर्षांपूर्वीच्या बायकांचे पत्ते! राजांनी आपली नावं कोरून घेतली यात नवल नाही. पण देवळात नाचणाऱ्या बाईला तिचं घर नेमून दिलंय आणि ते दगडावर लिहून ठेवलंय, हे ऐकताना अंगावर काटा आला. तुम्ही त्यातली काही नावं तमिळमधून हळूहळू वाचलीत. एखाद्या घरी हाक मारावी तशी.

आता त्या भिंतीबद्दल.

नैऋत्येकडच्या ओवरीत आपण गेलो तेव्हा बाहेर ऊन लख्ख होतं आणि आत मात्र अंधारल्यासारखं. बाहेरच्या उजेडातून आल्यावर अण्णांना काहीच दिसेना. तंजावरच्या भोसल्यांपैकी दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला इतका मोठा मराठी लेख समोर, आणि अण्णा त्याच्याकडे कोऱ्या भिंतीकडे बघावं तसे बघत होते. 'राखाडी दिसतंय सगळं,' एवढंच म्हणाले. मी मोबाइलचा टॉर्च लावला, सरळ भिंतीवर धरला, तर जे दिसत होतं तेही पुसलं गेलं. मला रडू फुटणार होतं. दोन वर्षांपूर्वी पाऊण तास होता आणि नजर होती. आता अख्खा दिवस होता आणि नजर नव्हती.

तुम्ही माझ्या हातातून मोबाइल घेतलात. भिंतीच्या अगदी जवळ, डावीकडे गेलात आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरलात. उजेड दगडावरून सरपटत गेला. प्रत्येक अक्षराच्या खोलात एका बाजूला काळी सावली भरली, दुसरी कड चमकली, आणि अख्खी ओळ भिंतीतून उठून वर आली. आधी श्री दिसला. मग काने, वेलांट्या, रफार.

अण्णांनी श्वास घेतला तो मला ऐकू आला.

अण्णांनी आयुष्यभर हेच केलं, ताई. पस्तीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले. कंपोझिटर अक्षर उलटं वाचतो, आणि दिवा कमी असला की हातातली स्टिक, म्हणजे खिळे लावायची पट्टी, तिरकी करून खिळ्याच्या डोक्यावर उजेड घेतो. त्यांनी मला मागाहून सांगितलं, 'त्या पोरीला ही युक्ती कुणी शिकवली गं? आमच्या प्रेसमध्ये नवीन पोराला हे कळायला वर्ष जायचं.' मी त्यांना सांगितलं की शिलालेख वाचणारे अभ्यासक असाच उजेड धरतात. ते म्हणाले, 'म्हणजे आम्ही एकाच धंद्यातले.'

ते मनातल्या मनात वाचायला लागले. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणालात, 'अय्या, मोठ्याने वाचा. मी ही भिंत कितीतरी लोकांना दाखवली. त्यात काय लिहिलंय ते मला माहीत आहे. पण ते ऐकू कसं येतं ते मला माहीत नाही. मला कुणी वाचूनच दाखवलं नाही.'

आणि अण्णांनी वाचलं. अडखळत, जुन्या वळणाच्या शब्दांपाशी थांबत, एखादी ओळ सोडून देत. शहाजीराजे आले, शिवाजीराजे आले, इथे येऊन राज्य करणारे एकोजी आले. बाबूराव चिटणिसांनी लिहिलेली मराठी, दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीची, मराठी मुलखापासून इतक्या लांब, चोळांच्या देवळात. आणि ती एका निवृत्त कंपोझिटरच्या आवाजात घुमत होती. तुम्हाला एक शब्द कळत नव्हता. तरी टॉर्च अण्णांच्या आवाजाबरोबर डावीकडून उजवीकडे सरकत होता. आवाज थांबला की थांबत होता. ओळ संपली हे त्यांच्या श्वासावरून ओळखून तुम्ही पुन्हा डावीकडे येत होतात, बोटभर खाली. हात भरून आला की दुसऱ्या हातात घेत होतात. एकदा तुमचा फोन वाजला, तुम्ही न बघता बंद केलात. मी घड्याळ बघितलं नाही, नंतर फोटोंच्या वेळेवरून कळलं, पन्नास मिनिटं झाली होती. पहिल्या खेपेला सगळ्या देवळाला मिळाली होती त्यापेक्षा जास्त.

मध्ये एकदा तुम्ही एका अक्षरावर उजेड स्थिर ठेवून विचारलंत, 'हे पुन्हा पुन्हा येतंय, हे काय?' अण्णा म्हणाले, 'श्री.' तुमचा चेहरा उजळला. आपला श्री वेगळा दिसतो म्हणालात आणि वहीत तो काढून दाखवलात. अण्णांनी त्याच्या शेजारी मराठी श्री काढून दिला, थरथरत्या हाताने, पण वळण बिनचूक.

दुपारी देऊळ बंद, म्हणून राजवाडा. तिथलं सगळं मला नीट आठवत नाही, मी अजून त्या ओवरीतच होते. सरस्वती महाल ग्रंथालयातलं मात्र आठवतं. तिथे ४९ हजारांच्या आसपास हस्तलिखितं आहेत, ताडपत्रावरची आणि कागदावरची, आणि त्यांत मराठीही आहेत, हे ऐकून अण्णा खांबाला टेकून उभेच राहिले. मग तुम्ही त्यांना सांगितलंत की याच सरफोजीराजांनी १८०५ च्या सुमाराला इथे देवनागरी छापखाना काढला होता. हे तुम्ही मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं, खरं ना? सकाळी अण्णांचा धंदा कळल्यापासून. त्यांनी फक्त विचारलं, 'खिळे कुठून आणले असतील?' आणि मग बराच वेळ गप्प.

सरफोजीराजांच्या दवाखान्यात डोळ्यांचे रोगी तपासले जायचे, त्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसकट जपून ठेवल्या आहेत, हेही तुम्ही सांगितलंत. अण्णांच्या डोळ्यांबद्दल मी तुम्हाला फक्त एकदाच हळूच बोलले होते. ते ऐकवताना तुमच्या आवाजात कीव नव्हती. राजाच्या दारात बसलेला प्रत्येक रोगी माणूस म्हणून लिहिला गेला, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं.

निघता निघता दहा मिनिटांसाठी श्वार्ट्झ चर्च. इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनने घडवलेली ती संगमरवरी चौकट मला फार आवडली. मरणाच्या बिछान्यावर पडलेला म्हातारा पाद्री श्वार्ट्झ, आणि त्याचा हात हातात धरून उभा असलेला त्याचा विद्यार्थी सरफोजी. धर्म वेगळा, देश वेगळा, भाषा वेगळी. गुरू गेल्यावर राजाने हे शिल्प विलायतेत घडवून घेतलं. चांगुलपणाला ओळखपाळख लागत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी ते सकाळी टॉर्चच्या उजेडात बघितलं आणि संध्याकाळी संगमरवरात.

मला माहीत आहे, पत्र घेतल्यावर तुम्ही म्हणाल, यात काय, हे माझं कामच आहे. नाही ताई. काम त्या सहलवाल्या मुलाचंही होतं. गाइडकडे ठरलेली वाक्यं असतात आणि ती तुम्हाला आमच्याहून कितीतरी चांगली येतात. पन्नास मिनिटं तुम्ही त्यातलं एकही बोलला नाहीत. ज्याने ऐकायला यायचं त्यालाच बोलू दिलंत आणि स्वतः त्याच्यासाठी उजेड धरलात. ठरल्या वेळेपेक्षा दीड तास जास्त थांबलात आणि जास्तीचे पैसे दोनदा परत केलेत. तिसऱ्यांदा दिले तेव्हा अण्णांचा हात धरून म्हणालात, 'आज मी शिकले, तुम्ही शिकवलंत. मग फी कुणी कुणाला द्यायची?'

अण्णा हल्ली संध्याकाळी दिवा लावल्यावर नातवाला भिंत वाचून दाखवतात. मी काढलेले फोटो टीव्हीवर मोठे करून देते. फोटो अंधुक दिसला की म्हणतात, 'तिरका उजेड हवा.'

पत्रासोबत अण्णांनी एक पुडी दिली आहे, ती जपून उघडा. प्रेस बंद झाला तेव्हा मालकाने सगळे खिळे भंगारात घातले. अण्णांनी तेवढा एक खिशात टाकून घरी आणला होता. इतकी वर्षं तो त्यांच्या चष्म्याच्या डबीत होता. शिशाचा आहे, धरून झाल्यावर हात धुवा. त्याच्या डोक्यावरचं अक्षर तुम्हाला उलटं दिसेल. अण्णांनी सांगितलंय की शाईच्या पॅडवर हलकेच टेकवायचा, मग कागदावर सरळ दाबायचा, मध्ये हलवायचा नाही, म्हणजे श्री सुलटा उमटेल. वहीतल्या त्या दोन श्रींच्या शेजारी उमटवा.

तुमची,
अक्का