सुध्या, उशीपासून सुरुवात केली आहे

गोरेगाव,
रविवार, १२ जुलै

प्रिय सुध्या,

एप्रिलमध्ये आलेलं तुझं पत्र फ्रीजवर ठेवलंय. येता-जाता दिसतं आणि टोचतं. फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखं हे नव्हतं, म्हणून आज लिहायलाच बसलो. आईचा गुडघा आहे तसाच, स्मिता ठीक, मी ठीक.

आमच्या लेकीची, आर्याची, दम्यापायी ऍलर्जीची टेस्ट झाली. घराबाहेर हे पहिलं तुलाच सांगतोय. चाळीत रात्री दोन वाजता दम लागल्यावर भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांवर उशी घेऊन बसलेला तू मी पाहिला आहेस. आणि 'सुधीरला दही नको, केळं नको, खाली खेळायला सोडू नका' हे ऐकता ऐकता तू कसा गप्प गप्प होत गेलास, तेही.

टेस्टला फारसं दुखत नाही. हातावर एकेक थेंब ठेवतात, त्यातून सुईचं टोक जेमतेम टोचतात आणि १५-२० मिनिटांनी गांध मोजतात. नुसत्या सलाइनच्या थेंबाच्या गांधीपेक्षा ३ मिलिमीटरनं किंवा त्याहून मोठी आली तर पॉझिटिव्ह. आधी आठवडाभर सर्दीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर खरी ऍलर्जीसुद्धा उमटत नाही. आर्याला डस्ट माइट (घरातल्या धुळीतले बारीक किडे) ठळक आले, झुरळ त्याखालोखाल, आणि कोळंबी जरा. पराग काहीच नाही. (गुलमोहराचं भांडण आठवतं? तू त्याला शिव्या द्यायचास, मी त्याची बाजू घ्यायचो. अजूनही घेतो. रंगीत मोठ्या फुलांचे पराग जड आणि चिकट असतात, किडे-पाखरं ते नेतात. त्रास देतात ते वाऱ्यावर उडणारे, म्हणजे गवताचे, गाजर गवताचे. पावसाळा सरताना रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत माजतं, तुझा खरा वैरी तिथं असणार.)

रिपोर्ट घरी आला आणि तासाभरात बंदीची यादी तयार झाली. कोळंबी बंद, जवळा बंद, बर्फाचा गोळा बंद, मैदानही बंद. मला धसका बसला तो रिपोर्टपेक्षा त्या यादीचा. पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच की शरीर ती वस्तू ओळखतं. ती खाऊन त्रास होतो का, हे वेगळं बघावं लागतं. आर्या जवळ्याची चटणी भाकरीबरोबर बोटं चाटून खाते, कधी ओठसुद्धा खाजला नाही. मग कोळंबी उमटली कशी? माइट, झुरळ, कोळंबी, खेकडा या सगळ्यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं एकाच घडणीचं प्रथिन असतं. माइटविरुद्ध तयार झालेलं शरीर कोळंबीलाही दचकतं. डॉक्टरांनीही सांगितलं, पचतंय तर काढू नका. बोंबील, पापलेट यांचा तर या प्रथिनाशी संबंधच नाही, माशाची ऍलर्जी निराळी. खाल्ल्यावर अंगभर गांधी, आवाज बसणं, उलटी, चक्कर असं काही झालं तर मात्र गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल. तिथं मांडीच्या बाहेरच्या बाजूला ऍड्रेनलिनचं इंजेक्शन देतात, आणि जीव वाचतो तो त्यानं. हे आईलाही समजावलंय. तुझ्या वेळी कुणी टेस्ट केली नव्हती रे. तुझं दही-केळं नुसत्या भीतीनं गेलं.

आता माइट. दिसत नाहीत, पाव मिलिमीटरचा जीव. चावत नाहीत. आपल्या अंगाच्या गळलेल्या कातडीच्या भुशावर जगतात आणि पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा अंगात ओढून घेतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर सुकून मरतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात ती ८० च्या वर. म्हणजे त्यांना मुंबईतून हाकलणं होणार नाही. ऍलर्जी असते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेच्या कणांची. हे कण जड, झाडलोट केली की उडतात आणि अर्ध्या तासात बसतात. म्हणून तू घे म्हणतोस तो एअर प्युरिफायर मी घेतला नाही. तो धुराला, मांजराच्या हलक्या कणांना उपयोगी, ते तासन् तास तरंगतात. माइटचा माल हवेत नसतो, गादीत असतो, आणि मूल आठ-नऊ तास त्यातच नाक खुपसून झोपतं.

तर उशीपासून सुरुवात केली आहे. सावरीच्या कापसाची जुनी उशी काढली. नवी उशी आणि गादी दोन्ही चेनवाल्या, घट्ट विणीच्या खोळीत. भोकं १० मायक्रॉनपेक्षा बारीक हवीत, आणि तसं पाकिटावर छापलेलं नसेल तर घेऊ नये. रेक्झिनचं कव्हर इथल्या उकाड्यात घाम आणतं, मूल रात्री ते ओढून काढतं आणि पैसे पाण्यात. चेनीच्या टोकाला फट राहते, तिथं आतून चिकटपट्टी लावायची. खोळ दर आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसायची. पण नुसत्या खोळीनं भागत नाही. ब्रिटनमध्ये हजाराहून जास्त प्रौढ दमेकऱ्यांवर हे तपासलं, २००३ साली निष्कर्ष आला, नुसत्या खोळींनी फरक पडला नव्हता. पुढं २०१७ मध्ये मँचेस्टरकडच्या मुलांवर तपासलं तेव्हा दम वाढून हॉस्पिटल गाठायची वेळ कमी मुलांवर आली. म्हणून मी खोळ सोडत नाही, पण तिच्यावर विसंबतही नाही.

चादर, अभ्रे, पांघरूण दर आठवड्याला गरम पाण्यात. माइट मरायला ५५ ते ६० अंश लागतात. आमचं मशिन वरून कपडे घालायचं, त्यात पाणी तापत नाही. मग साधा हिशोब: उकळतं पाणी अर्धी बादली आणि नळाचं अर्धी, की साधारण ६० अंश होतं. कपडे पडले की थोडं उतरतं, म्हणून उकळतं जरा जास्तच घ्यायचं. कपडे १५ मिनिटं बुडवून, मग मशिनमध्ये. बादली बाथरूममध्ये, दाराला कडी, मुलं बाहेर. गार पाण्यानं ऍलर्जीचा माल बराचसा निघून जातो, पण किडे जिवंत राहतात. उन्हाचं उलटं, किडे मरतात पण माल आत तसाच. म्हणून ऊन दाखवून झाल्यावरही धुणं हवंच.

गोधडी धुववेना. काकूच्या हातची आहे ना ती, तुझ्या आईची. उसवेल म्हणून जीव धजत नव्हता. शेवटी खोळ शिवून आत ठेवली आणि आता ती अंगावर नाही, पायथ्याशी असते. राणीच्या बागेतून आणलेला कापडी पेंग्विन मात्र दर पंधरवड्याला पिशवीत घालून २४ तास फ्रीजरमध्ये जातो, मग धुतो. आर्या म्हणते, त्याला गावी पाठवलंय.

ओले कपडे खोलीत वाळत घालणं हा आपला पावसाळ्यातला मोठा गुन्हा. मशिनभर कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. आता दोऱ्या बाल्कनीत, आणि नाइलाजच झाला तर हॉलमध्ये पंख्याखाली, झोपायच्या खोलीचं दार लावून. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढलं, तर मागं बुरशीचा नकाशा. त्यावर रंग मारला की दोन महिन्यांत पुन्हा फुगतो, कारण पाणी बाहेरच्या भेगेतून येतं. ती भेग पाऊस थांबल्यावरच भरणार. तोवर साबणपाणी. एक सांगून ठेवतो, ब्लीच आणि बाथरूमचं ऍसिड एकत्र कधी पडू देऊ नकोस. क्लोरीन सुटतो, धडधाकट माणूसही गुदमरतो.

झुरळांवर स्प्रे बंद केला. त्याच्या वासानं आर्याला खोकला येतो आणि झुरळं शेजाऱ्यांकडे जाऊन परत येतात. जेल लावलं, मसुराएवढे ठिपके: ट्रॉलीच्या बिजागऱ्यांत, सिंकखाली, फ्रीजच्या मोटरीपाशी, सिलेंडरमागं. जेल लावल्यावर तिथं फिनेल किंवा स्प्रे मारायचा नाही, झुरळं ते तोंडात घेत नाहीत आणि सगळी मेहनत फुकट. पंधरा दिवसांनी पुन्हा. झुरळं मेली तरी त्यांच्या विष्ठेची, कातीची पूड कोपऱ्यात राहते आणि महिनोन् महिने त्रास देते, म्हणून कपाटं रिकामी करून ओल्या फडक्यानं पुसली. रात्री सिंक कोरडं, कचरा बाहेर, मोरीच्या जाळीवर झाकण.

आईशी खटका उडाला तो उदबत्तीवरून. उदबत्ती ऍलर्जी नाही, पण सुजलेल्या श्वासनळीवर धूर म्हणजे मिरची. मच्छर कॉइल तर त्याहून वाईट. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे मोजलेत. कॉइल गेली, मच्छरदाणी आली. तीही चादरीबरोबर धुवायची. देवापुढं आता समई आणि ताजी फुलं, उदबत्ती फक्त एकादशीला, बाल्कनीत. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच नवा फुलझाडू गॅलरीत नेऊन आपटला आणि धुतला. कोऱ्या झाडूचा भुसा आठवडाभर उडतो, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. केर आर्या शाळेत असताना, आणि लगेच ओलं पोतं.

कबुतरांवरून आपण दोघं किती भांडलोय. दादरच्या कबुतरखान्यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये ताडपत्री टाकून दाणे घालणं बंद केलं तेव्हा तू मला रागानं फोन केला होतास. माझं म्हणणं तेच आहे, सुध्या. विष्ठेतून, पिसांच्या पावडरीतून होतो तो आजार दम्याहून वेगळा. फुप्फुसाच्या आतल्या पिशव्या सुजतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर कायमच्या घट्ट होतात. त्यावर इनहेलर पुरत नाही. पुण्य मिळवायला दुसऱ्या वाटा आहेत. एसीच्या बाहेरच्या युनिटवरची घाण कोरडी खरवडायची नाही. आधी पाणी मारून पूर्ण भिजवायची, तोंडावर एन-९५, हातात मोजे, मग काढायची आणि जाळी बसवायची.

औषधाचं थोडक्यात. नाकाचा स्टिरॉइड स्प्रे रोज. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डाव्या नाकपुडीत उजव्या, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर बसत नाही आणि रक्त येत नाही. पूर्ण परिणामाला दोन आठवडे लागू शकतात, चार दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून सोडायचा नाही. आणि तू, तू अजून ते नाक मोकळं करणारे थेंब रोज टाकतोस का? पाच दिवसांच्या वर नको रे. नाक त्यांच्यामुळेच पुन्हा चोंदतं. डॉक्टरांना विचारून सोडव.

बदलीचं काय ठरलं? चिपळूणलाच राहणार असाल तर गणपतीत येतो. वहिनींना नमस्कार, ओंकारचं बारावीचं कळव.

मैदान चालू ठेवलंय. आर्या रोज संध्याकाळी खाली जाते, इनहेलर आणि स्पेसर पाठीवरच्या पिशवीत. पण परवा रात्री तिला धाप लागली. दोन-दोन पफ दिले, अर्ध्या तासात उतरली. तेवढा वेळ मी शेजारी बसलो होतो आणि बोलावं की गप्प राहावं ते मला कळत नव्हतं. औषधाचं सगळं मला विचार, सांगेन. हे मात्र मला ठाऊक नाही. काकू तुझी पाठ चोळायची, अण्णा खिडकी उघडायचे, मी कोपऱ्यात नुसता बघत उभा राहायचो. त्यातलं तुला काय बरं वाटायचं, आणि काय नको असायचं? लवकर लिही.

तुझा,
नंदू